अक्षराचा आडोसा

"अत्याचार केंद्र ना? बसा," रिक्षावाला म्हणाला, आणि आसावरी बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण कुठे जायचं ते अजून सांगितलेलंच नाही. शहाड स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांच्या ह्या रांगेत ती कितीतरी वर्षं उभी राहत आली होती आणि कितीतरी वर्षं तिनं "जुन्या दवाखान्याची गल्ली" एवढंच सांगितलं होतं. रिक्षावाले तिला चेहऱ्यानं ओळखत, पण गल्लीत शिरल्यावर ही बाई पुढे काय करते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये म्हणून तिनं जितके कष्ट घेतले होते तितके तिच्या बॅचच्या लोकांनी पीएच.डी.साठी घेतले नव्हते. शेजारच्या बाईनं मांडीवरच्या मेथीच्या जुड्या हळूच स्वतःकडे ओढून घेतल्या. अत्याचाराचा मेथीवर काय परिणाम होत असेल ह्याचा आसावरी विचार करत राहिली. "मोठा बोर्ड लागलाय मॅडम," रिक्षावाला आरशातून म्हणाला. "संध्याकाळी लाइटपण पेटते आतून. आम्हाला एकदम इझी झालं. आधी त्या साइडला उतरणाऱ्यांना पत्ताच सांगता यायचा नाही. आता विचारतो, अत्याचारच्या आधी का अत्याचारच्या नंतर?" मेथीवाली म्हणाली, "मी आधी."

कानांच्या पाळ्यांपासून एक उष्ण लाट गळ्याखाली उतरत गेली. अलीकडे अशा लाटा येतच; वयाच्या बावन्नाव्या वर्षी अंगातच एक छोटा वीटभट्टीचा व्यवसाय सुरू होतो, हे कुणी आधी सांगत नाही. पण ही लाट त्यातली नव्हती. ही तिला ओळखीची होती. लहानपणी वर्गात वडिलांनी, म्हणजे गुरुजींनी, तिची वही सगळ्यांसमोर वर धरली की अशी लाट यायची, मग वही कौतुकासाठी धरलेली असो की फाडण्यासाठी. उघडं पडण्याला कारण लागत नाही. गेले आठ-दहा दिवस ती तापानं अंथरुणात होती. पुराच्या पाण्यात उभं राहून आलेला ताप, डॉक्टरांनी उंदरांची वगैरे नावं घेऊन घाबरवलेला. त्या दिवसांत, केंद्राची दुरुस्ती अंगावर घेतलेल्या श्रीपादरावांचा रोज फोन यायचा, "तुम्ही निर्धास्त झोपा, आसावरीताई, तुमचं केंद्र आम्ही असं उभं करतोय की तुम्ही ओळखणार नाही," आणि ती खरंच निर्धास्त झोपली. माणूस दिलेला शब्द पाळणार आहे हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

केंद्र म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक मोरी आणि मागची पेरूच्या झाडाएवढी जागा. एका डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा ती जागा मिळाली होती. ज्या मुलांना घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या माणसानं दुखावलं होतं, अशी मुलं तिथे यायची. बोलायची, खेळायची, पुष्कळदा नुसतीच बसायची. ज्यांचं प्रकरण कोर्टात गेलेलं असे त्यांच्याबरोबर आसावरी ठाण्याला जायची आणि तोवर त्यांना धीर गोळा करायला मदत करायची. मूल कोण हे कुणालाही कळू द्यायचं नाही, असा कायदा आहे. पण कायदा चाळीत राहत नाही. चाळीला चार वाजता कोण कुठे जातं ते कळलंच पाहिजे, म्हणून अगदी सुरुवातीला आसावरीनं दारावर एक पत्र्याची पाटी लावली होती: सुंदर हस्ताक्षर वर्ग. पहिलं वर्ष पाटीवर भागलं. मग एका शेजारणीनं एका आईला विचारलं, "एवढे महिने क्लासला पाठवतेस, पण पोराचं अक्षर तर कोंबडीचे पायच आहेत की." त्या आईनं ते येऊन आसावरीला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आसावरी खरोखरच अक्षर शिकवायला लागली. वडिलांनी बोरू हातात देऊन आणि पट्टी हातावर मारून जे तिच्यात घातलं होतं ते तिनं पट्टी वगळून पुढे दिलं. अकार गोल, काना सरळ, दोन शब्दांमध्ये एका बोटाची जागा. परिणाम असा झाला की शहाड-कल्याण भागातल्या अत्याचार सोसलेल्या मुलांचं अक्षर जिल्ह्यात सर्वांत सुंदर असावं, पण हे यश कुठल्याही अहवालात लिहिता येत नव्हतं. खोटं बोलता बोलता ते खरं करावं लागलं, म्हणजे खोटं उरलं कुठे, असा प्रश्न तिला कधीमधी पडायचा, आणि उत्तर मिळण्याआधी कुणीतरी मूल पेन्सिल हरवल्याची तक्रार घेऊन यायचं. कल्पिताही अशीच आली होती. दहा वर्षांची. पहिले कितीतरी आठवडे आतल्या खोलीत ती चटईच्या काड्या मोजत बसायची. आसावरीही गप्प बसायची. गप्प बसण्याचा तिला पगार होता. एके दिवशी कल्पिता म्हणाली, "बाई, माझा ळ नीट येत नाय." बाकीचं सगळं त्या ळच्या मागून हळूहळू आलं.

रिक्षा थांबली. बोर्ड खरोखर मोठा होता. साडीच्या दुकानाला असतो तसा, आतून उजळणारा. 'अत्याचारग्रस्त बालक साहाय्य केंद्र' ही अक्षरं लाल, त्यांना पिवळी किनार, खाली मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, सगळे हात जोडून हसत. अत्याचार आणि हसू इतक्या जवळ आसावरीनं पूर्वी पाहिलं नव्हतं. पत्र्याची पाटी कुठे दिसेना. अक्षरांची ठेवण मात्र वाईट होती, बचं पोट फुगलेलं, द्रची शेपटी तुटकी, आणि अशा वेळी आपल्याला हे दिसतं ह्याची तिला लाज वाटली. समोरच्या किराणावाल्यानं तिला नमस्कार केला. हा माणूस आजवर तिला फक्त "सुटे द्या" म्हणत आला होता. आता त्याच्या नमस्कारात एक हळहळ होती, आपल्या माणसाच्या घरी काहीतरी झाल्यावर करतात तशी.

दारात श्रीपादराव उभे होते. डोंबिवलीतल्या सद्भाव मंडळाचे चिटणीस, विमा कंपनीतून निवृत्त, पांढरा शर्ट खोचलेला. ह्या माणसाबद्दल वाईट विचार करणं अवघड होतं, आणि तो खरा त्रास होता. पाणी ओसरलं त्या दिवशी आसावरी चिखलात उभी राहून नुसती बघत होती. नदी आलीच तर खिडकीतून येईल अशी तिची समजूत होती. नदी मोरीतून आली, आवाज न करता, घरचं माणूस यावं तशी. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. कापसाची अस्वलं आधी तरंगली आणि मग पोटात पाणी भरून एकेक बुडाली. ओसरल्यावर जो वास राहिला त्यात गटार होतं, डिझेल होतं, कुजलेला भात होता, आणि सगळ्याच्या तळाशी थोडी खरी नदी होती. तेव्हा हे श्रीपादराव कुठूनसे ऐकून आले, "मी आपल्याला ओळखत नाही, पण फावडं आणलंय," म्हणाले, आणि साठी उलटलेल्या गुडघ्यांवर बसून खराट्यानं चिखल मोरीकडे लोटू लागले. पुरानंतर केंद्राकडे सरकारी माणूस एकदा आला होता आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढून गेला होता. फावडं फक्त ह्यांनी आणलं होतं.

"कसा वाटला?" श्रीपादराव बोर्डाकडे बघत म्हणाले.

"श्रीपादराव, हा काढावा लागेल."

"तिरका वाटतोय का? मी त्या पोराला तेच सांगत होतो, डावी बाजू सूतभर उचल—"

"तिरका नाही. चांगला सरळ आहे. सगळ्यांना वाचता येतोय, तोच त्रास आहे."

तिनं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कारण ते ऐकून घेणारे होते, आणि मग म्हणाले, "पण ताई, लपवायचं कशाला? मुलांनी काय गुन्हा केला? लाज वाटायची तर त्या नराधमांना वाटू दे." हे वाक्य आसावरीचं होतं. कॉलेजांतल्या व्याख्यानांत तिनं ते ह्याच चढ्या स्वरात म्हटलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. व्याख्यानात वाक्य पूर्ण खरं असतं. गल्लीत आलं की त्याला पाय फुटतात आणि ते भलत्याच दारात जाऊन उभं राहतं. लाज कुणाला वाटावी हे ठरवून भागत नाही, ती कुणाला वाटते ते बघावं लागतं. "शिवाय," श्रीपादराव म्हणाले, "लोकांना कळलंच नाही तर येतील कसे?" कितीतरी वर्षं ती दार इतकं बेमालूम लपवत आली होती की ज्यांना ते हवं असेल त्यांनाही ते दिसत नसणार, हा विचार तिला पूर्वी आलाच नव्हता असं नाही. आला की ती फळा पुसायला घ्यायची. "आणि काढायचा म्हणजे कार्यकारिणीत ठराव लागेल," ते जरा ओशाळून म्हणाले. "बसवायला लागला नव्हता. पण काढायला लागतो."

आत सगळं नवं होतं. भिंती फिक्या निळ्या, फरशी घासलेली, नवी कपाटं, नव्या चटया, रंगाचा वास डोक्यात जाणारा. तिनं खरंच ओळखलं नसतं. श्रीपादरावांनी मुलांसाठी पेढे आणले होते. "मुलं कधी येतात?" त्यांनी विचारलं. "चारनंतर." चार वाजले. समोरून शाळेची मुलं गेली, त्यातली दोन-तीन तिची होती. ती बोर्डाखाली आली तशी पलीकडच्या फुटपाथवर गेली आणि भराभरा चालत पुढे निघाली, मान खाली घालून, पावसात चालावं तशी. श्रीपादराव खुर्चीवर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. दाराशी पावलं वाजली की ते पुडा उघडायचे, आणि पावलं पुढे गेली की बंद करायचे. अंधारून आलं आणि बाहेर बोर्ड आपोआप पेटला. निळ्या भिंतीवर लाल उजेड पडला. त्या उजेडात श्रीपादराव एकदम म्हातारे दिसले. "मी निघतो," ते म्हणाले. पुडा त्यांनी बरोबर नेला.

शेवंतीचा फोन त्यानंतर आला. शेवंती म्हणजे कल्पिताची आई. नवरा टेम्पो चालवायचा, ती एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची, गाव राजापूरकडचं. "बाई, ताप उतरला ना?" तिनं आधी तेच विचारलं. मग म्हणाली, "मी कल्पिताला नाय पाठवत आता."

"बोर्डामुळे?"

"चाळीत सगळ्यांनी वाचलाय. सकाळी नळावर गेलेले, तर बायका एकदम गप. बाई, आमच्या चाळीत नळावर कोण गप बसत नाय. पाणी नाय आलं तरी बोलतात."

"मी येऊन जाते उद्या तुझ्याकडे."

"तुम्ही तर येऊच नका! आधी अक्षराच्या बाई होतात. आता तुम्ही आलात म्हणजे बोर्डच चालत आला."

आसावरी हसली नाही, पण हसण्यासारखं होतं हे दोघींनाही कळलं. "आणि ठाण्याचं?" तिनं विचारलं. गणपती झाल्यावर कल्पिताची कोर्टात तारीख होती. तिनं तिथे सांगितलं तर तिला दुखावणारा माणूस तुरुंगातच राहील. नाही सांगितलं तर सुटेल आणि परत येईल, कारण शेवंतीच्या शेजारची खोली अजून त्याच्याच नावावर भाड्यानं होती. त्याला पोलिसांनी नेलंय एवढं चाळीला ठाऊक होतं, कशासाठी ते नव्हतं. कल्पिता त्याला काका म्हणायची. पुराआधी तिनं आसावरीला "विचार करते" असं सांगितलं होतं, मोठी माणसं लग्नाच्या स्थळाबद्दल सांगतात तसं. शेवंतीच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "ती बोलते, नाय जाणार. तिला मी विचारलं का, तर बोलते, आता सगळ्यांना माहिती आहे तर अजून काय सांगायचं. बाई, मी जबरदस्ती नाय करणार तिला."

"करूच नकोस," आसावरी म्हणाली.

घरी जाऊन तिनं आमटी केली, ती खारट झाली. आता सगळ्यांना माहिती आहे तर अजून काय सांगायचं. दहा वर्षांच्या मुलीनं हे वाक्य कुठून आणलं असेल. सांगणं आणि कळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पटवायलाच तर इतके महिने गेले होते. सांगणं म्हणजे आपण आपल्या हातानं, आपल्या वेळेला, आपल्या अक्षरात. आणि कळणं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लाल रंगात, पिवळी किनार देऊन. पुरात अस्वलं गेली, फळा गेला, कपाटाचं प्लायवूड फुगून पुठ्ठा झालं, ह्याचं तिला दुःख झालं होतं पण भीती वाटली नव्हती. पाण्यानं जे नेलं ते पुन्हा आणता येतं, श्रीपादरावांनी आणलंही. मदतीनं जे नेलं ते कुठून आणायचं? एका बाजूला तिला वाटलं की आपण नदीला जास्त लवकर माफ केलं. दुसऱ्या बाजूला तिला पेढ्यांचा तो पुडा उघडताना-मिटताना दिसत राहिला.

सकाळी ती केंद्रावर पोचली तर दाराबाहेर बायकांची रांग होती. क्षणभर तिला वाटलं, मोर्चा आलाय. पण बायकांच्या हातात दगड नव्हते, प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांत आधार कार्डाच्या झेरॉक्स. पोरं कडेवर, पोरं पदराला, काही पोरं एकमेकांच्या पाठीवर. सगळ्यांत पुढे लक्ष्मी होती, शेवंतीच्याच चाळीतली, नळावरची पहिली बादली कायम जिची असते ती. श्रीपादरावही येऊन एका बाजूला उभे होते.

"मॅडम, अत्याचाराचं नाव इथंच घालत्यात ना?" लक्ष्मीनं विचारलं.

हा शब्द ऐकताना चेहरा कसा ठेवायचा ह्याचं आसावरीनं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. इतरांना दिलंही होतं. पण ह्या प्रश्नासाठी कुठलाच चेहरा शिकवलेला नव्हता. "काय घालायचं?" ती म्हणाली.

"नाव. आमच्या सर्वेशचं. ह्याच्याहून धाकटा एक आहे, त्याच्यावर पण मिळतंय का?"

"काय मिळतंय?"

"जे असंल ते," लक्ष्मी समजूतदारपणे म्हणाली. "दप्तरं म्हणत्यात काहीजण. काहीजण म्हणत्यात गाद्या. आम्ही काय म्हणत न्हाई. आमच्यात पाणी कमरेएवढं आलं होतं, फोटो हाय मोबाइलात."

पूर आल्यापासून ह्या वस्तीनं बोर्ड पुष्कळ पाहिले होते. जिथे बोर्ड तिथे वाटप. जिथे फोटोतली माणसं हसतात तिथे रांग लावायची, आधी झेरॉक्स द्यायची, मग वाचायचं. बोर्डावर काय लिहिलंय हा शेवटचा मुद्दा होता. आसावरीच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. ते हसू आहे हे कळल्यावर ती इतकी दचकली की तिनं कडीला धरलं. मागून एक बाई ओरडली, "ओ लक्ष्मीबाई, तुमचाच अत्याचार दिवसभर चालवणार का? आमचा नंबर येऊ दे की!" आणि लक्ष्मी मागे न बघता म्हणाली, "गप गं, मोठी आली." मग आवाज खाली आणून, बाईमाणसाशी बोलावं तसं, "तुम्हाला म्हणून सांगते मॅडम, आमच्या चाळीतली ती शेवंती. तिची पोरगी किती महिने इथं येती. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं न्हाई बघा तिनं. एकटीच फायदा घेत बसली. काल नळावर आम्ही तिच्याशी बोललोच न्हाई."

म्हणजे नळावरचं ते गप्प बसणं हे होतं. चाळ कल्पिताकडे बघत नव्हती, चाळ शेवंतीवर जळत होती. सगळीच? तसं नसणार. ह्या रांगेत कुणीतरी नीट वाचलेलं असणार. किराणावाल्यानं तर वाचलंच होतं. पण इतक्या मोठ्या रांगेत नीट वाचणाऱ्याला काय किंमत. आता खरं समजावून सांगावं, ही योजना नाही, ह्या शब्दाचा अर्थ असा असा, तर रांग पांगेल आणि सबंध चाळीला एकाच वेळी कल्पिता आठवेल. आणि परत पाठवलं तरी तेच. तिनं एक श्वास घेतला. "इथं काही मिळत नाही," ती म्हणाली. "इथं अक्षर शिकवतात. पुरानंतर आता सगळ्यांना खुलं आहे. चार वाजता पाठवा."

"आणि मग ह्यो बोर्ड?"

आसावरीनं श्रीपादरावांकडे पाहिलं. आपण त्यांच्याकडे बघतोय हे तिला बघितल्यावर कळलं. श्रीपादरावांनी घसा साफ केला. "बोर्ड चुकीचा लागलेला आहे," ते त्यांच्या स्वच्छ, सदाशिवपेठी मराठीत म्हणाले. "चूक आमच्या मंडळाची आहे. आज तो उतरतोय. दप्तरं आणि वह्या मात्र मिळतील. त्या मी आणतो." रांगेत समाधान पसरलं. लक्ष्मी म्हणाली, "दोन पोरांना दोन ना?"

ठराव झाला नाही. नंतर श्रीपादरावांनी आसावरीला सांगितलं ते असं. ठराव मांडला असता तर त्याला उपसमिती नेमली गेली असती. म्हणून त्यांनी फक्त कार्याध्यक्षांना फोन करून विचारलं की बोर्डावर कोषाध्यक्षांचा फोटो तुमच्या वर कसा काय आलाय. दुपारी कार्याध्यक्ष स्वतः शिडी घेऊन आले. आता फोटोंचा क्रम नक्की झाल्याशिवाय बोर्ड पुन्हा लागणार नव्हता. "कधी नक्की होईल?" आसावरीनं विचारलं. श्रीपादरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मंडळ टिकलं तर कधीच नाही," ते म्हणाले. मग ते थोडा वेळ रिकाम्या भिंतीतली भोकं बघत उभे राहिले. "मला वाटलं होतं, तुम्ही खूश व्हाल," असं म्हणाले, तक्रार नव्हे, नोंद केल्यासारखं. "मी खूश आहे," आसावरी म्हणाली, आणि त्यांनी ते खरं मानावं म्हणून ती त्यांना आतल्या खोलीची नवी खिडकी किती छान उघडते ते दाखवायला घेऊन गेली. ती खरंच छान उघडत होती.

सकाळी रांगेतल्या बायका गेल्या तेव्हा एक बाई मागे राहिली होती. आसावरी तिला ओळखत नव्हती. झेरॉक्सची पिशवी तिच्याकडे नव्हती, मूलही बरोबर नव्हतं. तिनं चप्पल एका पायात घातली, दुसरी हातातच ठेवली आणि विचारलं, "त्या बोर्डावर लिवलंय, ते खरंच हाय का इथं?" आसावरी म्हणाली, "हो. आत येता का?" बाई आत आली नाही. पण नंबर घेऊन गेली, ब्लाउजमध्ये घडी घालून. बोर्ड नसता तर ही बाई आली नसती, हे आसावरीला त्या दिवशी पुनःपुन्हा आठवत राहिलं, आणि कुणी बरोबर होतं हे काही तिला ठरवता आलं नाही. संध्याकाळी शेवंतीचा फोन आला तेव्हा पलीकडे एक विचित्र आवाज येत होता. शेवंती हसत होती, किंवा हसण्याच्या अगदी जवळ होती. "बाई, चाळीत मला काय बोलतात माहिती आहे? एकटी खाते बोलतात! लक्ष्मीनं तोंडावर बोललं."

"मग तू काय बोललीस?"

"मी बोलली, हो, खाल्लं. आता तुम्ही पण घ्या." आसावरीनं कल्पिताबद्दल काही विचारलं नाही. विचारायचं नव्हतं असं नाही.

पुढच्या आठवड्यात केंद्रात इतकी मुलं आली की चटया पुरेनात. श्रीपादरावांच्या वह्या आल्या, दप्तरं आली, पेढेही आले, आणि श्रीपादराव कोपऱ्यात बसून रेघा आखून देऊ लागले. आसावरीची जुनी मुलं एकेक करून परत आली, गर्दीतून शिरली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. आतल्या खोलीत कुणी गेलं तर बाकीच्यांना वाटायचं की ते लघवीला गेलंय. ह्याहून चांगला आडोसा तिला आजवर कधी जमला नव्हता, आणि तो आणखी किती दिवस टिकेल हे तिला माहीत नव्हतं. रोज चार वाजता ती दाराकडे बघायची आणि रोज स्वतःला रागवायची. बाहेरच्या खोलीत आवाज एवढा की फळ्यावर खडू वाजलेला कळू नये. एक मूल रडतंय, एकाची शाई सांडली, आणि लक्ष्मीचा सर्वेश सगळ्यांना सांगतोय की पुरात त्यानं नाग पाहिला, आणि नाग त्याला घाबरला.

मग एका दुपारी शेवंती दारात उभी राहिली, कँटीनचा एप्रन अजून अंगावर, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, हिचं अक्षर जरा बिघडलंय पुरात. बघा काय होतंय का!" आणि कल्पिताला आत ढकलल्यासारखं करून, पण खरं म्हणजे तिचा हात सोडायला वेळ लावून, निघून गेली. कल्पिता कडेला बसली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. आसावरीनंही तिच्याकडे पाहिलं नाही. ती पलीकडच्या रांगेत एका मुलीचा काना सरळ करत होती आणि तो काना सरळ होता होता फार वेळ गेला. मग मागून कल्पिताचा आवाज आला. "हा काय क्ष आहे? मेलेलं झुरळ आहे."

"तुला येतो का?" सर्वेश म्हणाला.

"आण इकडे." थोड्या वेळानं, "हे बघ. असा. आणि जोरात दाबू नको, कागद काय तुझा दुश्मन आहे?" सर्वेशनं नागाची गोष्ट तिलाही सांगितली. "नाग घाबरला नाय," कल्पिता म्हणाली. "त्याला पण पाणी लागलं होतं."

आसावरी फळ्याकडे गेली. एक शब्द लिहिला, पुसला. कुणीतरी तिच्या ओढणीचं टोक धरलं होतं. "बाई," कल्पिता म्हणाली, "आत बसू या? इथं फार आवाज आहे."

आतल्या खोलीत कल्पितानं निळ्या भिंतीला हात लावून पाहिला, मग हाताचा वास घेतला. नवी चटई उलटी करून बघितली. कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. बाहेर श्रीपादराव कुणाला तरी सांगत होते की रेघेखाली उतरायचं नाही. आसावरी भिंतीला टेकून बसली आणि तिचं जे काम होतं ते करू लागली, म्हणजे काहीच बोलेना. तळहातांना घाम आला होता. अंगातल्या वीटभट्टीनं नेमकी हीच वेळ साधली होती. खिडकीतून कांदे परतल्याचा वास आला. कल्पिता तिच्यासमोर मांडी घालून बसली, गुडघ्यावरची खपली खरवडली, खपलीखाली नवी कातडी आलीये का ते नीट तपासलं.

"ठाण्याला कशानं जायचं?"

"बसनं जाऊ," आसावरी म्हणाली. "थेट जाते."

"आई पण?"

"आई पण. मी पण."

कल्पितानं ह्यावर विचार केला. बाहेर कुणाची तरी बाटली गडगडत गेली आणि सगळा वर्ग एकदम हसला.

"खिडकी माझी," ती म्हणाली.